रेंज नसतानाही चालणारी वेब-ॲप्स : येऊ घातलेली तंत्रे व घ्यावयाची दक्षता

सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, अनुदानाची मागणी, बाजारभावाची चौकशी ही कामे आता बहुतांशी संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर होऊ लागली आहेत. आपल्या राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करू लागला. ह्या सोयींचा लाभ निर्विवाद आहे. तथापि, बांधावर उभे राहून एखादा अर्ज भरणाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. सर्व माहिती भरून होते, छायाचित्र काढून होते, शेवटचे बटण दाबले जाते आणि पडद्यावर चक्र फिरत राहते. रेंज गेलेली असते. ह्याहून वाईट प्रकार म्हणजे पडद्यावर ‘जतन झाले’ अशी अक्षरे उमटतात, शेतकरी निश्चिंत मनाने घरी जातो आणि मुदत टळल्यावर त्यास कळते की, अर्ज कार्यालयाकडे पोचलाच नव्हता.

असे का घडते, ते टाळण्यासाठी कोणती तंत्रे निघाली आहेत, आणि येत्या काही वर्षांत त्यांतून काय अपेक्षावे व काय अपेक्षू नये, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण अर्ज अडला म्हणजे शेतकरी प्रथम त्यांच्याकडेच येतो.

पान आणि ॲप यांतील भेद

मोबाईलवर काम करण्याचे दोन मार्ग आपल्या परिचयाचे आहेत. पहिला, प्ले स्टोअरमधून ॲप उतरवून घेणे. ई-पीक पाहणी हे अशा ॲपचे उदाहरण होय. दुसरा, क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचा पत्ता लिहून पान उघडणे. ॲप आपल्या मोबाईलमध्ये कायमचे येऊन बसते, जागा व्यापते आणि त्याची नवी आवृत्ती निघाली म्हणजे ती पुन्हा उतरवावी लागते. पान मात्र प्रत्येक वेळी दूरवरच्या मुख्य संगणकाकडून, म्हणजे सर्व्हरकडून, मागविले जाते. त्यामुळे ते नेहमी ताजे असते, परंतु रेंज नसेल तर ते उघडतच नाही.

१९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा पान म्हणजे केवळ वाचावयाचा कागद होता. पुढे त्यावर अर्ज भरता येऊ लागले, पण त्यांची रीत मोठी त्रासदायक असे. वीस रकाने भरून पाठविले आणि त्यांतील एक चुकला, तर संपूर्ण पान सर्व्हरकडे जाऊन परत येई, आणि पुष्कळदा भरलेले सारे पुसले जाई. पानानेच ॲपसारखे वागावे, चूक जागच्या जागी दाखवावी, नकाशा बोटाने सरकवू द्यावा, ही गरज त्यातूनच निर्माण झाली. अशा पानास आज वेब-ॲप म्हणतात.

एका कंपनीच्या हाती गेलेले तंत्र

ह्या गरजेवर पहिला मोठा उपाय निघाला तो जोडयंत्राचा. २००२ साली मॅक्रोमीडिया ह्या कंपनीने ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ हे नाव रूढ केले आणि फ्लॅश ह्या आपल्या साधनाचा त्यासाठी पुरस्कार केला. ब्राउझरला फ्लॅशची जोड दिली की, पानावर चित्रे हलत, चलचित्रे दिसत, आलेख काढता येत. पुढे २००५ मध्ये ॲडोबी कंपनीने मॅक्रोमीडिया विकत घेतली, आणि २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइट हे तशाच प्रकारचे साधन बाजारात आणले. त्या काळी फ्लॅशवाचून चालणार नाही असे पुष्कळांस मनापासून वाटत होते, आणि तसे वाटण्यास कारणही होते, कारण ब्राउझर स्वतः त्या वेळी फारच तोकडे होते.

परंतु ज्या यंत्राचे सुटे भाग एकाच दुकानात मिळतात ते यंत्र त्या दुकानाच्या मर्जीवर चालते. आयफोनवर फ्लॅश कधीच चालले नाही. त्यात सुरक्षेची भगदाडे वरचेवर सापडत राहिली. २०१७ साली ॲडोबीने ते बंद करण्याची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्यास दिलेला आधार संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधील मजकूर चालणेच कंपनीने रोखले. सिल्व्हरलाइटचा आधारही १२ ऑक्टोबर २०२१ रोजी संपला.

ह्याचा फटका कोणास बसतो, हे दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. तेथील महसूल खात्याची काही विवरणपत्रे फ्लॅशमध्ये तयार केलेली होती. त्यांचे रूपांतर वेळेत पुरे झाले नाही. सबब जानेवारी २०२१ मध्ये त्या खात्यास केवळ आपली विवरणपत्रे उघडता यावीत म्हणून स्वतःचा एक निराळा ब्राउझर काढावा लागला. साडेतीन वर्षांची पूर्वसूचना असूनही अशी वेळ आली, ही गोष्ट संकेतस्थळे तयार करून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान ब्राउझर स्वतःच सुधारत होते. पान न बदलता मागल्या बाजूने सर्व्हरशी थोडीथोडी माहिती देण्याघेण्याची युक्ती रूढ झाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या गूगल मॅप्सने तिचे सामर्थ्य सर्वांस दाखवून दिले. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ हे प्रमाण मंजूर झाले. हे प्रमाण कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. चलचित्र दाखविणे, चित्र रेखाटणे, स्थान सांगणे ह्या कामांसाठी आता जोडयंत्राची गरज उरली नाही.

रेंजविना काम कसे चालते

आता मूळ अडचणीकडे वळू. पान सर्व्हरकडून येते, मग रेंज नसताना ते उघडावे कसे? ह्यासाठी जे साधन निघाले त्यास सर्व्हिस वर्कर म्हणतात. क्रोममध्ये ते २०१५ पासून आणि आयफोनवर मार्च २०१८ पासून उपलब्ध आहे. त्याची कार्यपद्धती समजण्यास कठीण नाही. रेंज असताना आपण वेब-ॲप प्रथम उघडतो, तेव्हा त्याबरोबर एक छोटा कार्यक्रम मोबाईलमध्ये उतरतो आणि पान व सर्व्हर यांच्या मधोमध बसतो. पानाची रचना, चित्रे, अक्षरे यांची एक प्रत तो मोबाईलमध्येच राखून ठेवतो. पुढच्या वेळी पान मागविले असता मागणी प्रथम त्याच्याकडे जाते. रेंज असेल तर तो ती पुढे धाडतो, नसेल तर राखलेली प्रत पुढे करतो. त्यामुळे पान उघडते.

पान उघडले तरी भरलेली माहिती कोठे ठेवावयाची, हा प्रश्न उरतोच. त्याकरिता ब्राउझरने प्रत्येक संकेतस्थळास मोबाईलमध्ये एक लहानशी कोठी दिलेली असते. नाव, गट क्रमांक, पीक, छायाचित्र हे सर्व त्या कोठीत लिहून ठेवता येते. स्थान घेण्यासही इंटरनेट लागतेच असे नाही. उपग्रहांकडून येणारे संकेत मोबाईल स्वतः पकडतो, फक्त आकाश मोकळे असावे आणि थोडा धीर धरावा. ज्या संकेतस्थळाचा पत्ता सुरक्षित जोडणीचा नसेल, त्यास मात्र ब्राउझर स्थानही देत नाही आणि सर्व्हिस वर्करही बसवू देत नाही.

अशा वेब-ॲपचा आणखी एक फायदा आहे. ब्राउझरच्या यादीतील ‘होम स्क्रीनवर जोडा’ हा पर्याय निवडला की, त्याचे चिन्ह इतर ॲपांच्या शेजारी येऊन बसते. त्यासाठी कोणतीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही. पीएम-किसानच्या नावाने बनावट एपीके फाइली व्हॉट्सॲपवरून पसरवून लोकांची खाती रिकामी करण्याचे प्रकार घडलेले आहेत, हे लक्षात घेता ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. अर्थात पत्ता खरा आहे की नाही, हे चिन्ह जोडण्यापूर्वीच पाहावयास हवे. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ ह्या अक्षरांनी संपतो, आणि ती अक्षरे शासकीय संस्थांखेरीज इतरांस मिळत नाहीत.

‘जतन’ आणि ‘सादर’

ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब येथे आहे. खळ्यावर मळणी होऊन पडलेले धान्य आपलेच असते, परंतु ते गोदामात गेले असे कोणी म्हणत नाही. गोदामाची पावती हाती येईपर्यंत पाऊस, वारा, चोर यांची काळजी आपल्याकडेच असते. ब्राउझरच्या कोठीत जतन झालेला अर्ज हा खळ्यावरचा माल आहे. तो सर्व्हरकडे गेला, तेथे नोंदला गेला आणि तेथून क्रमांक परत आला, म्हणजेच तो सादर झाला.

ह्या कोठीतील माल कोणकोणत्या कारणांनी नाहीसा होऊ शकतो, ते कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवे. मोबाईलमधील जागा संपत आली की, ब्राउझर आपण होऊन काही संकेतस्थळांच्या कोठ्या रिकाम्या करतो. ज्या संकेतस्थळाचा वापर पुष्कळ दिवसांत झालेला नाही त्याची कोठी प्रथम जाते, आणि जाते ती अर्धीमुर्धी नव्हे तर संपूर्ण. लग्नकार्यातील छायाचित्रे व व्हॉट्सॲपवरील चलचित्रे यांनी भरलेल्या मोबाईलमध्ये हे घडणे मुळीच दुर्मिळ नाही. आयफोनवरील सफारीमध्ये तर २०२० पासून असा नियम आहे की, ब्राउझर वापरात असताना सात दिवस एखाद्या संकेतस्थळास हात लावला नाही, तर त्याने साठविलेली माहिती पुसली जाते. होम स्क्रीनवर जोडलेल्या वेब-ॲपला ह्या नियमातून सूट आहे. खासगी खिडकीत, म्हणजे ज्यास इन्कॉग्निटो म्हणतात तीत, भरलेला अर्ज ती खिडकी बंद होताच जातो. आणि मोबाईल संथ चालतो म्हणून दुकानदाराने किंवा घरातील मुलाने ‘डेटा साफ’ केला, तर सर्वच संकेतस्थळांच्या कोठ्या एका क्षणात रित्या होतात.

रेंज परत येताच माहिती आपोआप पाठविण्याचीही एक सोय आहे. पान बंद असले तरी सर्व्हिस वर्कर ती मागल्या बाजूने धाडू शकतो. परंतु ही सोय क्रोम व त्याच पायावर उभारलेल्या ब्राउझरांपुरतीच आहे. सफारी व फायरफॉक्स यांनी ती स्वीकारलेली नाही. शिवाय बॅटरी वाचविण्याच्या नादात कित्येक मोबाईल मागल्या बाजूचे काम थांबवून ठेवतात. यास्तव रेंजमध्ये आल्यावर वेब-ॲप स्वतः उघडून अर्ज गेला की नाही हे पाहणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

चांगल्या वेब-ॲपमध्ये ह्या दोन अवस्था स्पष्ट शब्दांत वेगळ्या दाखविलेल्या असतात. ‘मोबाईलमध्ये आहे, अद्याप पाठविले नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, न गेलेल्या अर्जांची संख्या दिसते, आणि सादर झाल्यावर क्रमांक व वेळ मिळते. माझ्या मते शासकीय संकेतस्थळांवर ‘जतन झाले’ हा मोघम शब्दप्रयोग पूर्णपणे टाळला जावयास हवा. यंत्र तयार करणाऱ्यास त्याचा अर्थ ठाऊक असतो, पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी घाईत असलेल्या माणसास त्याचा उलटा अर्थ लागतो.

पुढील काही वर्षांत

तज्ज्ञांच्या चर्चेत येणारी नवी नावे पुष्कळ आहेत. त्यांपैकी आपल्या कामाशी संबंध येईल अशी थोडीच आहेत.

पहिले नाव वेबअसेंब्लीचे. आजवर ब्राउझरमध्ये मुख्यतः जावास्क्रिप्ट ही एकच भाषा चाले. जड गणिताची कामे त्या भाषेत मंद होतात. वेबअसेंब्लीमुळे इतर भाषांत लिहिलेले, वर्षानुवर्षे कसाला लागलेले कार्यक्रम ब्राउझरमध्ये जवळजवळ मूळ वेगाने चालू शकतात. २०१७ मध्ये चारही प्रमुख ब्राउझरांत ते आले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यास अधिकृत प्रमाणाचा दर्जा मिळाला. अभियंत्यांचा ऑटोकॅड हा जुना कार्यक्रम २०१८ मध्ये ह्याच मार्गाने ब्राउझरमध्ये आला. शेताच्या हद्दीचा नकाशा उघडून क्षेत्र मोजणे, मातीच्या तपासणीच्या आकड्यांवरून खताची मात्रा काढणे, अशी कामे मोबाईलमध्येच, रेंजविना, होऊ शकतील. त्यास तांत्रिक अडथळा आता उरलेला नाही. फक्त हा कार्यक्रम पहिल्यांदा उतरविताना बराच मोठा असतो, म्हणून तो कार्यालयात किंवा घरी चांगली रेंज असताना एकदा उघडून ठेवावा लागेल.

दुसरे नाव वेबजीपीयू. मोबाईलमधील चित्रे रंगविणारा जो भाग असतो, त्याच्याकडून गणिते करून घेण्याचे हे साधन २०२३ मध्ये क्रोममध्ये आणि २०२५ मध्ये सफारीत व विंडोजवरील फायरफॉक्समध्ये आले. त्यायोगे पानाचे छायाचित्र पाहून रोग ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता ब्राउझरमध्येच चालू शकेल, छायाचित्र कोठेही धाडावे लागणार नाही. ही कल्पना स्वप्नवत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ व जागतिक अन्न व कृषी संघटना यांनी २०१८ मध्ये आफ्रिकेतील शेतकऱ्यांसाठी मक्यावरील लष्करी अळीचा प्रादुर्भाव ओळखणारे ‘नुरू’ हे ॲप काढले, आणि ते इंटरनेटविना चालते. तीच अळी त्याच वर्षी भारतात आली व आपल्या मक्यावरही पसरली.

परंतु येथे अतिउत्साह नको. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात १४ पिके व २६ रोगांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर यंत्रास शिकविण्यात आले. त्याच संग्रहातून बाजूला ठेवलेल्या छायाचित्रांवर त्याने ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखविली. मात्र निराळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे पुढे ठेवताच ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. कारण उघड आहे. स्वच्छ कागदावर ठेवलेले एकच पान निराळे आणि भर उन्हात, धूळ बसलेल्या, इतर पानांत लपलेल्या पानाचे छायाचित्र निराळे. तेव्हा मोबाईलने सांगितलेले रोगाचे नाव ही सूचना समजावी आणि फवारणीपूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

तिसरी बाब नव्या साधनाची नसून परत फिरण्याची आहे. गेल्या दहाबारा वर्षांत वेब-ॲप्स फार जड झाली. सगळे काम मोबाईलवर ढकलले गेले, आणि ज्यांनी ती बनविली त्यांच्या टेबलावर महागडी यंत्रे असल्याने त्यांस त्याची झळ लागली नाही. सात-आठ हजारांच्या मोबाईलवर तेच पान बोट लावल्यानंतर दोनतीन क्षण निपचित पडते, आणि माणूस बटण पुन्हा दाबतो. पुन्हा दाबल्याने कधी कधी अर्ज दोनदा जातो. आता पुष्कळसे काम सर्व्हरवरच उरकून हलके पान पाठविण्याकडे जाणत्यांचा कल वळला आहे. मार्च २०२४ पासून गूगलनेही पानाचा दर्जा ठरविताना बोट लावल्यावर ते किती लवकर प्रतिसाद देते, ह्याचे माप धरले आहे. एका सेकंदाचा पाचवा भाग ही त्यातील चांगल्या पानाची मर्यादा आहे. साधा मोबाईल वापरणाऱ्या आपल्या वाचकांस सर्व नव्या तंत्रांपेक्षा ह्या बदलाचाच अधिक उपयोग होईल, असे वाटते.

जाता जाता मराठीपुरती एक अडचण सांगतो, कारण ती बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ यांसारख्या नावांतील अर्धा ‘र’ संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, यंत्रास मात्र ती दोन वेगळी नावे वाटू शकतात. वेब-ॲपने हे दोन्ही प्रकार एकच मानावयाचे ठरविले नसेल, तर सूचीत नाव असूनही ‘आढळले नाही’ असे उत्तर येते. अशा वेळी नावाऐवजी गट क्रमांकाने शोध घ्यावा.

अंगीकार करण्यापूर्वी करावयाची चाचणी

एखादे वेब-ॲप रेंजविना चालते असे सांगण्यात आले, तर त्यावर विसंबण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी ते स्वतः पारखून पाहावे. त्यास अर्धा तास पुरतो व कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही. प्रथम रेंज असताना वेब-ॲप उघडून सर्व पाने एकेकदा पाहून घ्यावीत. नंतर मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून ब्राउझर पूर्ण बंद करावा व पुन्हा उघडावा. पान आले तर एक नमुना अर्ज छायाचित्रासह भरावा. नमुना अर्जाची सोय नसेल तर खरा अर्ज घ्यावा, पण ज्याची मुदत दूर आहे असाच. तो भरून झाल्यावर पडद्यावर कोणते शब्द येतात, ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत. मग मोबाईल बंद करून चालू करावा आणि अर्ज कोठीत आहे का ते पाहावे. शेवटी फ्लाइट मोड काढून पाच मिनिटे थांबावे व अर्ज आपोआप गेला की बटण दाबावे लागले, क्रमांक मिळाला की नाही, ह्याची नोंद करावी. हीच चाचणी गावात सर्रास आढळणाऱ्या एखाद्या जुन्या, स्वस्त मोबाईलवरही करावी, कारण कार्यालयातील नव्या मोबाईलवर जे चालते ते तेथे चालेलच असे नाही.

ह्या नोंदी तालुका कार्यालयाकडे लेखी कळवाव्यात, आणि त्यांत मोबाईलचे नाव, ब्राउझर व पडद्यावरील नेमके शब्द द्यावेत. ‘ॲप चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवरून दोष शोधता येत नाही. मुदतीच्या आदल्या आठवड्यात गावात फिरताना प्रत्येक अर्जदाराकडे अर्ज भरला का, असे न विचारता क्रमांक आला का, असे विचारावे. ज्याच्याकडे क्रमांक नाही त्याचा मोबाईल घेऊन रेंजच्या जागी जावे, वेब-ॲप उघडावे आणि अर्ज रवाना होऊन क्रमांक येईपर्यंत तेथेच थांबावे.